हायलायटरखालची नावं : जॉर्जियातल्या एका ज्युरी निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९८६. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रोम नावाचं एक छोटं शहर आहे. तिथे ७९ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा राहत्या घरात खून झाला. पकडला गेला तो अठरा वर्षांचा मुलगा. बाईंच्या घरातल्या वस्तू त्याच्याकडे सापडल्या, त्याने कबुलीही दिली. बाई गोऱ्या होत्या, मुलगा कृष्णवर्णीय. गुन्हा कोणी केला यावर फारसा वाद उरला नव्हता. सरकारी पक्षाने मृत्युदंड मागितला होता, त्यामुळे खरा प्रश्न एवढाच होता की या मुलाने जगायचं की नाही, आणि हे ठरवणारे बारा जण कोण असणार.

हे प्रकरण मी कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवतो ते खुनासाठी नाही, ते बारा जण कसे निवडले गेले त्यासाठी. या खटल्याचे कागद सार्वजनिक आहेत आणि निकालपत्रात सगळ्यांची नावं आहेत. तरी ज्युरीसाठी बोलावलेली माणसं साधे नागरिक होती, म्हणून त्यांची नावं इथे घेत नाही. आरोपीलाही आरोपीच म्हणतो.

निवडीची पद्धत

ज्युरीसाठी मतदारयादीसारख्या याद्यांमधून माणसं बोलावतात. त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतात, मग कोर्टात जज आणि दोन्हीकडचे वकील त्यांना प्रश्न विचारतात. त्यातून माणसं गळतात ती दोन वाटांनी.

पहिली वाट सकारण हरकतीची. ज्युरर, म्हणजे ज्युरीसाठी बोलावलेला माणूस, आरोपीच्या नात्यातला आहे, त्याने आधीच मत बनवलंय, मृत्युदंड कधीच देणार नाही असं तो सांगतो, असं काही असेल तर वकील कारण मांडतो आणि पटलं तर जज त्या माणसाला घरी पाठवतो. अशा हरकतींना संख्येची मर्यादा नाही. दुसरी वाट बिनकारण हरकतीची. इथे वकील नुसतं नाव खोडतो आणि कारण विचारलं जात नाही. मात्र अशा हरकती मोजून मिळतात. या खटल्यात सरकारला १० होत्या, आरोपीला २०.

ही दुसरी वाट आपल्या कोर्टांनाही अनोळखी नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हायकोर्टातल्या खटल्यात सरकार आणि आरोपी दोघांनाही कारण न देता प्रत्येकी आठ ज्युररांवर हरकत घेता येत असे. याच संहितेच्या काळात मुंबई हायकोर्टात १९०८ साली लोकमान्य टिळकांसमोर बसलेल्या नऊ जणांत सात युरोपियन होते, दोन पारशी. निकाल लागला सात विरुद्ध दोन. कोणाला बसवलं यावर किती काही ठरतं, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बिनकारण हरकतीमागे खरा उपयोग आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्युरर तोंडाने ‘मी निःपक्षपाती राहीन’ म्हणतो, पण आरोपीकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर तिरस्कार दिसतो. तो सिद्ध करता येत नाही. अशा वेळी वकिलाच्या हातात एवढंच हत्यार असतं. अडचण अशी की कारण विचारायचं नाही म्हटलं की वाईट कारणही त्याच दारातून आत येतं.

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला नागरिकत्व मिळाल्यावर ज्युरीचं समन्स आलं. सकाळभर बसवून ठेवलं, चार-पाच प्रश्न विचारले, एक उत्तर पुन्हा सांगायला लावलं. मग वकील उभा राहून म्हणाला, आभारी आहोत, तुम्ही जाऊ शकता. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘दादा, मी काही चुकीचं बोलले का रे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला कोणी कारण दिलं नव्हतं, द्यायची गरजही नव्हती.

पेच

या खुनाच्या चारच महिने आधी, ३० एप्रिल १९८६ रोजी, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बॅटसन विरुद्ध केंटकी हा निकाल दिला होता. बिनकारण हरकत वंशाच्या आधारावर घेता येणार नाही, असं त्यात ठरलं. तपासायची रीत तीन पायऱ्यांची. आधी आरोपीने दाखवायचं की इथे भेदभावाचा वास येतोय. मग सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं. शेवटी जजने ठरवायचं की ते कारण खरं आहे की नुसतं पांघरूण.

१९८७ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा हा नियम अगदी कोरा होता. सकारण हरकती संपल्यावर ४२ पात्र ज्युरर उरले. त्यातले पाच कृष्णवर्णीय. पुढची पायरी सुरू होण्याआधी त्यातल्या एका बाईने स्वतःहून कोर्टाला सांगितलं की आपली जवळची मैत्रीण आरोपीच्या नात्यात आहे, हे आत्ताच कळलं. तिला सकारण वगळलं गेलं आणि चार उरले.

मग कारकून एकेक नाव पुकारू लागला. प्रत्येक नावावर आधी सरकारी वकिलांनी बोलायचं, त्यांनी सोडलं तर आरोपीच्या वकिलांनी. सरकारने आपल्या दहापैकी नऊ हरकती वापरल्या आणि चारही कृष्णवर्णीय ज्युरर त्यात गेले.

समोर असलेले पर्याय

त्या क्षणी बचाव पक्षापुढे काय वाटा होत्या, हे विद्यार्थ्यांना मी थांबून विचारतो. गप्प बसणं ही एक वाट होती आणि ती वाटते तितकी भित्री नाही. हरकत फेटाळली गेली तर जजचा रोष येतो, आणि ज्या सरकारी वकिलाशी शिक्षेबाबत तडजोडीची बोलणी करायची त्यालाच सर्वांदेखत तुम्ही वंशभेदी म्हटलेलं असतं. छोट्या शहरात उद्याही त्याच माणसासमोर उभं राहायचं असतं. दुसरी वाट बॅटसनची हरकत नोंदवण्याची. तिसरी, त्याहून पुढची, सरकारी वकिलांची निवडीच्या वेळची टिपणंच मागण्याची.

जजपुढेही पर्याय होते. कारणं ऐकून ती बरी वाटली की मान्य करायची, किंवा प्रत्येक कारण ठेवून घेतलेल्या गोऱ्या ज्युररांच्या उत्तरांशी ताडून पाहायचं, किंवा टिपणं आपल्या चेंबरमध्ये मागवून स्वतः वाचायची. शेवटच्या पर्यायात कोणाचंच नुकसान नव्हतं.

काय केलं गेलं

बचाव पक्षाने हरकत घेतली. सरकारी वकिलांनी प्रत्येक नावामागे कारणांची मोठी यादी दिली. एकेका माणसासाठी अनेक कारणं. जजने ती स्वीकारली, ज्युरी बसली, आरोपी दोषी ठरला. समारोपाच्या भाषणात सरकारी वकिलांनी ज्युरीला सांगितलं की मृत्युदंड द्या, म्हणजे तिकडे गरिबांसाठीच्या सरकारी घरांच्या वसाहतींत राहणाऱ्या इतरांना जरब बसेल. मृत्युदंड झाला.

मग बचाव पक्षाने जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. त्यांनी नव्या खटल्यासाठी अर्ज करून तोच मुद्दा पुन्हा उकरला. त्यावर सुनावणी झाली आणि सरकारी वकिलांना आपली कारणं दुसऱ्यांदा, अधिक विस्ताराने मांडावी लागली. अर्ज फेटाळला गेला. टिपणंही मिळाली नाहीत. जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला. त्या दिवशी हे सगळं वाया गेल्यासारखं दिसलं असणार. पण आता एकाच माणसाच्या वगळण्याची कारणं दोन वेगवेगळ्या तारखांना नोंदली गेली होती, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

फाइल

पुढची वर्षं मृत्युदंडाच्या कोठडीत आणि हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे कैदेलाच आव्हान देणाऱ्या, अर्जात गेली. २००६ साली आरोपीच्या वकिलांनी जॉर्जियाच्या ओपन रेकॉर्ड्स कायद्याखाली सरकारी वकिलांच्या कचेरीची जुनी फाइल मागितली. आपण आरटीआय टाकतो तसंच. फाइल हातात आली. १९८७ मध्ये जे जजने बघितलं नाही ते १९ वर्षांनी साध्या अर्जावर मिळालं.

त्यात ज्युररांच्या यादीच्या चार प्रती होत्या. प्रत्येक प्रतीवर कृष्णवर्णीय ज्युररांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात खुलासा की हा रंग म्हणजे कृष्णवर्णीय. शिवाय त्या प्रत्येक नावाशेजारी ‘बी’ हे अक्षर. प्रश्नावल्यांत वंशाच्या रकान्यातल्या उत्तराभोवती गोल केलेला. हाताने लिहिलेल्या टिपणांत माणसांना नावाऐवजी ‘बी नंबर एक’, ‘बी नंबर दोन’, ‘बी नंबर तीन’ म्हटलेलं. एका कागदावर चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाबद्दल नोंद, आणि शेरा : ‘नो. नो ब्लॅक चर्च.’

आणखी एक यादी होती, ‘डेफिनिट नोज’ मथळ्याची, म्हणजे नक्की नकोत अशांची. तिच्यात सहा नावं. पहिली पाच त्या पाच पात्र कृष्णवर्णीय ज्युररांची. सहावी एक बाई, जिने मृत्युदंड देणार नाही असं कोर्टातच सांगितलं होतं. म्हणजे ज्यांनी गरज पडल्यास मृत्युदंड देऊ शकू असं सांगितलं ते कृष्णवर्णीय आधी नकोत, आणि जिने नाही म्हटलं ती त्यांच्यानंतर.

सरकारी वकिलांच्या तपासनिसाच्या प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदाही होता. कृष्णवर्णीयांपैकी कोणाला घ्यायचीच वेळ आली तर अमुक बाई चालतील, असं त्यात एक वाक्य होतं. त्यावर काट मारलेली होती. कोर्टात दाखल झालेल्या प्रतीत ते वाक्य नव्हतंच.

मी हे कागद पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या हिरव्या रंगापाशी बराच वेळ अडकलो. हायलायटर आपण कशावर मारतो? जे विसरायचं नसतं त्यावर.

दोन ज्युरर

कागद बोलके असले तरी तेवढ्याने कायद्याचं काम भागत नाही. यादी रंगवली म्हणून हरकतही त्याच कारणाने घेतली, असं थेट म्हणता येत नाही. यादी कचेरीतल्या दहा-बारा लोकांच्या हातातून जायची, कोणती नोंद कोणाच्या हातची हे प्रत्येक ठिकाणी ठरत नव्हतं. म्हणून प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोहोचलं तेव्हा कोर्टाने दोन ज्युररांपुरती दिलेली कारणं एकेक करून तपासली. खरा अभ्यास इथे आहे.

पहिल्या, गरीब वस्तीतल्या मुलांच्या बालवाडीत मदतनीस असलेल्या बाई. त्यांना वगळण्याची कारणं : वय आरोपीच्या फार जवळचं, घटस्फोटित आहेत, गडबडलेल्या वाटल्या, उत्तरं तुटक दिली, आणि बचावाच्या वकिलांनी त्यांना वेड लागल्याचा बचाव, खटल्याला मिळालेली प्रसिद्धी अशा विषयांवर फारसे प्रश्नच विचारले नाहीत. आता ताडून पाहू. बाई ३४ वर्षांच्या, आरोपी खटल्याच्या वेळी १९ चा. ३६ च्या आतले आठ गोरे ज्युरर सरकारने सोडले होते, त्यातले दोघं ज्युरीत बसले, एक तर २१ वर्षांचा. चार घटस्फोटित गोऱ्यांपैकी तिघांवर हरकत घेतली नव्हती. आणि बचावाच्या वकिलांनी त्यांना त्या विषयांवर प्रश्न विचारले होते, हे खटल्याच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं आहे.

सर्वांत मोठी विसंगती वेगळीच होती. सरकारी वकिलांनी सांगितलं होतं की या बाईंबद्दल आमचं नक्की नव्हतं, मैत्रिणीच्या नात्यामुळे दुसरी बाई गेली, एक हरकत मोकळी झाली, म्हणून ऐन वेळी ती यांच्यावर वापरली. पण ‘नक्की नकोत’ या यादीत त्यांचं नाव होतंच.

दुसरे, एक गृहस्थ. त्यांना अठरा वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे आरोपीबद्दल कणव वाटेल, हेच मुख्य कारण असं आधी सांगितलं. पुढच्या सुनावणीत मुख्य कारण बदललं. आता ते चर्च ऑफ क्राइस्टचे, आणि ते चर्च मृत्युदंडाच्या विरोधात. जवळपास त्याच वयाचे मुलगे असलेले गोरे ज्युरर चालले होते. त्या चर्चचे तीन गोरे ज्युरर मृत्युदंडाला विरोध म्हणून वगळले गेले असा दाखला सरकारी वकिलांनी दिला, तर नोंदीत ते वेगळ्याच कारणांनी गेलेले निघाले. त्यातली एक बाई साडेपाच महिन्यांची गरोदर होती. आणि मृत्युदंड देऊ शकाल का, या प्रश्नाला या गृहस्थांनी एकदा नाही, अनेकदा हो म्हटलं होतं.

त्यांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी गाडीच्या चाकाच्या टोप्या चोरल्या होत्या. सरकारी वकील म्हणाले की आरोपीवरही जवळजवळ तसाच आरोप आहे. चाकाच्या टोप्या आणि ७९ वर्षांच्या बाईचा खून! कोर्टाने या युक्तिवादाला सरळ मूर्खपणा म्हटलं.

निकाल

२३ मे २०१६ रोजी सात विरुद्ध एक अशा मताने सुप्रीम कोर्टाने आरोपीच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं, न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी भिन्न मत नोंदवलं. सरकारचं म्हणणं होतं की बॅटसनचा निकाल नुकताच आला होता, उद्या आरोप झाला तर खुलासा देता यावा म्हणून वंशाच्या नोंदी ठेवल्या. रॉबर्ट्स यांनी लिहिलं की हे मागाहून सुचलेलं दिसतं, जवळजवळ तीस वर्षांत हा खुलासा कधीच पुढे आला नव्हता. वंशाच्या आधारावर घेतलेल्या दोन हरकती म्हणजे राज्यघटनेला चालतात त्यापेक्षा दोन जास्त, असं त्यांचं वाक्य आहे.

दोषसिद्धीचा पाया गेला आणि त्यावर उभा असलेला मृत्युदंडही. पण आरोपीने तोवर आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात काढली होती. खून झालेल्या बाईंच्या घरच्यांनाही तीस वर्षांनी पुन्हा सुरुवातीपासून या सगळ्याला सामोरं जावं लागलं. ही दुसरी बाजू चर्चेत हमखास सुटते, आणि मला ती सोडवत नाही. ज्युरी निवडताना केलेली लबाडी त्या कुटुंबाच्याही मुळावर आली.

वेगळं काय करता आलं असतं

बचाव पक्षाने फारसं चुकवलं नाही. हरकत वेळेवर घेतली, टिपणं मागितली, कारणं नोंदवून घेतली, हरल्यावरही मुद्दा सोडला नाही. एकच गोष्ट मी सुचवेन. हरकत घेतानाच, तिथल्या तिथे, ठेवून घेतलेल्या गोऱ्या ज्युररांची यादी कारणांसमोर मांडायला हवी होती. ३४ चं वय चालत नाही म्हणता, मग २१ चं कसं चाललं? हा प्रश्न १९८७ मध्येही विचारता आला असता, त्यासाठी कुठलीच फाइल लागत नव्हती. अशी तुलना हा पुरावा आहे हे सुप्रीम कोर्टाने ठळकपणे मांडलं ते २००५ साली, मिलर-एलच्या खटल्यात, हे मान्य. तरी खटला चालवणाऱ्या वकिलाने नियम येण्याची वाट बघायची नसते.

जजबाबत मात्र मला कठोर व्हावंसं वाटतं. कारणांचा ढीग पाहून त्यांनी तो वजनदार धरला. माझा अनुभव उलटा आहे. खरं कारण असलं की वकील एक सांगतो, फार तर दोन. आठ कारणं येतात तेव्हा त्यातलं एक तरी टिकेल अशी आशा असते. टिपणं चेंबरमध्ये मागवून पाहायला अर्धा तास लागला असता.

तिसरा प्रश्न पद्धतीचाच. बॅटसनची तपासणी हेतू शोधते, आणि हेतू क्वचितच हिरव्या शाईत सापडतो. १९९५ मध्ये कोर्टाने असंही ठरवलं की दुसऱ्या पायरीवर दिलेलं कारण पटणारं असण्याचीही गरज नाही, ते वंशाबाहेरचं असलं की झालं. त्या फाइलवर कोणी हायलायटर न मारता तीच माणसं वगळली असती, तर आरोपीचं काय झालं असतं? बॅटसनच्याच निकालात न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी बजावलं होतं की बिनकारण हरकत पूर्ण काढून टाकल्याशिवाय हे संपणार नाही. इंग्लंडने ती १९८८ मध्ये काढली, कॅनडाने २०१९ मध्ये, अमेरिकेत ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून. पूर्ण काढावी असं मला अजून वाटत नाही, कारण तिरस्काराने बघणारा तो ज्युरर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये मधली वाट काढली, नियम ३७. तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. जाणत्या, तटस्थ माणसाला वंशाचा संबंध दिसू शकत असेल तर हरकत रद्द. ज्युरर नजर चुकवत होता, तुटक बोलत होता, असली कारणं द्यायची असतील तर वकिलाने ते आधीच जजच्या आणि समोरच्या वकिलाच्या लक्षात आणून द्यावं लागतं, म्हणजे सगळ्यांना बघता येतं. आणि काही कारणं मुळातच अग्राह्य धरली आहेत : पोलिसांवर विश्वास नसणं, अटक झालेल्या कोणाशी जवळचं नातं, गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत राहणं, सरकारी मदत घेणं. मामेबहिणीला मी ती यादी फोनवर वाचून दाखवली. तिचं समन्स हा नियम येण्याआधीचं. यादीतलं शेवटचं कारण आहे, इंग्रजी ही मातृभाषा नसणं. ते वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावलं.